प्लास्टिकच्या मालाची खडी पहिल्याच पावसात सुटते : आधी गोणी बघा, मग डांबर

जुलै उजाडला की हा फोन ठरलेला. "मेमध्ये रस्त्यावर कारपेट टाकलं, बीसी तीस एमएम, प्लास्टिक घालून. आता खडी सुटायला लागलीय. डांबर कमी पडलं का?" (बीसी म्हणजे बिटुमिनस काँक्रीट, रस्त्याचा वरचा डांबरी थर.) मागून कुणीतरी दोष दायित्वाचा कालावधी (डीएलपी, म्हणजे ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करायची मुदत) मोजत असतं. ठेकेदार म्हणतो प्लास्टिकच खराब. इंजिनिअर म्हणतो ठेकेदारानं डांबर खाल्लं. गावकरी म्हणतात दोघांनी मिळून खाल्लं.

मी हॉट मिक्स प्लांटवर क्वालिटीचं काम बघतो. या एकाच तक्रारीसाठी इतक्या रस्त्यांवर उकिडवा बसलोय की आता फोनवरच चार प्रश्न विचारतो आणि बऱ्याचदा अंदाज बरोबर निघतो. बहुतेक वेळा झालेलं असतं ते असं : प्लास्टिक मालात, म्हणजे खडी-डांबराच्या मिश्रणात गेलेलं असतं, पण खडीवर चढलेलं नसतं. डांबर मात्र ते चढलंय असं धरून कमी केलेलं असतं.

हा हिशोब आधी नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच आहे. आपल्याकडे चालते ती कोरडी पद्धत. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रा. वासुदेवन यांनी ती बसवली आणि २००२ मध्ये कॉलेजच्या आवारातल्या रस्त्यावर वापरली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आयआरसीनं (इंडियन रोड्स काँग्रेसनं) त्यासाठी एसपी-९८ हे मार्गदर्शक २०१३ मध्ये काढलं आणि २०२० मध्ये सुधारलं. पद्धत सोपी आहे. खडी तापवायची, तापल्या खडीवर प्लास्टिकचा बारीक चुरा सोडायचा, तो वितळून खडीवर पातळ पापुद्रा धरतो, मग त्यावर डांबर. चुऱ्याचं प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के, आणि तेवढं डांबर कमी करायचं.

आता एक टन माल घ्या. बीसी ग्रेडिंग दोनला (लहान-मोठ्या खडीच्या प्रमाणावरून ठरलेला प्रकार) डांबर किमान ५.४ टक्के, म्हणजे टनाला ५४ किलो. त्याच्या ८ टक्के म्हणजे ४.३ किलो प्लास्टिक. डांबर उरलं ४९.७ किलो, जेमतेम पाच टक्के. डांबराच्या प्रमाणात चालणारी तफावत ०.३ टक्क्याची आणि आपण मुद्दाम कापलं ०.४३. ज्या खडीवर प्लास्टिक चढलं तिचं काही बिघडत नाही. उलट डांबर तिला जास्त घट्ट धरतं आणि पाणी मध्ये शिरत नाही. पण जिच्यावर चढलंच नाही तिच्यासाठी हा सरळसरळ कमी डांबराचा माल आहे. मार्शलच्या (मालाची ताकद तपासायच्या चाचणीच्या) साच्यात, लॅबमधल्या हातानं ढवळलेल्या मालात हे कधी दिसत नाही. ते जुलैत दिसतं.

प्लांटवर जाण्याआधी रस्त्यावर चाला

खडी कुठे सुटलीय त्यावरून निम्मं निदान होतं. गाडीतून बघू नका, चालत जा आणि टेप बरोबर ठेवा.

फक्त कडेनं, साईडपट्टीला लागून हातभर पट्टा सुटला असेल तर प्लास्टिकला दोष देऊ नका. साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच राहिलीय, पाणी कडेला तुंबतंय, किंवा कडेला रोलर फिरलाच नाही. चाकाच्या वाटेत खाली बसलं असेल तर दोष रस्त्याच्या पायात, खालच्या थरात आहे. काळ्या मातीवर पायाचा थर न बांधता वरून कितीही भारी माल टाका, तो मातीबरोबर हलणारच. थापटून पाहिल्यावर अख्खा पापुद्रा ढोकळ्यासारखा सुटत असेल तर टॅक कोट (दोन थर चिकटवणारा डांबराचा पातळ हात) गेला. खालची धूळ झाडली नव्हती, नाहीतर पाऊस येतोय म्हणून मारलाच नव्हता.

सगळ्या रुंदीत, सगळ्या लांबीत, सारखी खडी सुटत असेल तर माल गार पडून टाकला गेला किंवा सगळाच माल कोरडा होता. आणि ठराविक अंतरावर पट्टे असतील, म्हणजे चांगला, खराब, चांगला, खराब, तर अंतर मोजा.

हे अंतर फार बोलकं असतं. ३.७५ मीटर रुंदी, ३० मिलिमीटर जाडी, घनता २.४ धरली तर एका मीटरला ०.२७ टन माल लागतो. बारा टनाचा डंपर चव्वेचाळीस मीटरला संपतो. म्हणजे दर चाळीस-पंचेचाळीस मीटरला तोच दोष दिसत असेल तर जे काही बिघडतंय ते दर डंपरला एकदा बिघडतंय.

तीन गोण्यांची गोष्ट

सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा मार्गावर अगदी हेच दिसलं. बेचाळीस मीटर, पंचेचाळीस मीटर, पुन्हा त्रेचाळीस. मी आणि जेई (कनिष्ठ अभियंता) साहेब दोघंही एकदमच म्हणालो, "डंपरचा शेवट." डंपरच्या शेवटच्या मालात मोठी खडी गोळा होते आणि तो माल गारही होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पेव्हरच्या (माल पसरणाऱ्या यंत्राच्या) हॉपरचे, म्हणजे माल घेणाऱ्या टाकीचे पंख दर डंपरला उघडझाप केले की तो गोळा झालेला माल पट्ट्यासारखा पडतो. प्रकरण मिटलं असं समजून आम्ही टपरीवर चहा घ्यायला निघालोही होतो.

तरी खराब पट्ट्यातला आणि चांगल्या भागातला असे दोन नमुने कापून लॅबला नेले. डंपरच्या शेवटाचा दोष असता तर खराब नमुन्याचं ग्रेडेशन (लहान-मोठ्या खडीचं प्रमाण) जाड यायला हवं होतं. चाळणीला लावलं तर ते जॉब मिक्समध्ये (कामासाठी ठरवलेल्या मिश्रणात) अगदी बरोबर. डांबर चारपूर्णांक नऊच्या वर, म्हणजे कापलेलं डांबर धरलं तर तेही बरोबर. फक्त प्लास्टिकचा पत्ता नव्हता. आणि तथाकथित चांगल्या भागातल्या नमुन्यात चिंचोक्याएवढे दोन काळे गोळे निघाले. नखानं कोरले तर आतून पांढरट, निळसर : दुधाच्या पिशव्या.

मग प्लांटवर गेलो. ड्रममध्ये (जिथे खडी तापते आणि डांबर मिसळतं) चुरा टाकायला एक वयस्कर मामा होते. त्यांना विचारलं, "मामा, गोणी कधी टाकता?"

"डंपर लागला की, भाऊ."

"एक एक करून?"

"तीनही टाकतो की. परत वर चढायला नको. गुडघा धरतो."

बारा टनाला बावन्न किलो, सतरा-सतरा किलोच्या तीन गोण्या. कागदावर हिशोब चोख होता. रोजच्या नोंदवहीत प्लास्टिकचा वापर आणि उरलेला साठा किलोला किलो जुळत होता. फक्त तो बावन्न किलो चुरा पहिल्या दोन-तीन मिनिटांत संपत होता आणि पुढची नऊ-दहा मिनिटं ड्रममधून नुसता कमी डांबराचा माल बाहेर पडत होता. पहिल्या टनांत एवढं प्लास्टिक एकदम पडलं की तेही नीट वितळायचं नाही, त्याचे गोळे व्हायचे. एकाच डंपरमध्ये दोन वेगवेगळे माल, आणि दोन्ही चुकीचे.

मामांची चूक नव्हती. मिनिटाला किती टाकायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तरी शिडीवर उभं राहून तासन् तास मिनिटाला चार किलो मोजत टाकणं माणसाला जमणारं काम नाही.

चुरा कुठून आणि कसा सोडायचा

ताशी साठ टनाच्या ड्रमला ८ टक्क्यांच्या हिशोबानं मिनिटाला ४.३ किलो चुरा लागतो. हे काम छोट्या स्क्रू फीडरचं (फिरत्या स्क्रूनं चुरा पुढे ढकलणाऱ्या यंत्राचं) आणि ब्लोअरचं आहे. स्क्रूचा वेग कमीजास्त करता यायला हवा आणि रोज सकाळी तो मोजून घ्यायला हवा. मोजणं अवघड नाही : पाइपच्या तोंडाला रिकामी गोणी बांधा, घड्याळ लावून दोन मिनिटं चालवा, वजनकाट्यावर ठेवा. साडेआठ किलोच्या आसपास यायला हवं. कमी आलं तर समजा हॉपरमध्ये चुरा अडकलाय. पातळ फिल्मचा चुरा ओला असो की अतिकोरडा, हॉपरच्या गळ्यात कमान धरून बसतो. वर गोणी भरलेली दिसते, खाली स्क्रू रिकामा फिरत असतो. गळ्यापाशी एक काचेची पट्टी बसवली की हे लगेच कळतं. काच नसेल तर दर अर्ध्या तासानं काठीनं ढोसायला माणूस ठेवा. गुडघे धरत नसलेला.

चुरा कुठे सोडता तेही तेवढंच महत्त्वाचं. मी बघितलेल्या प्लांटपैकी कितीतरी जागी तो थंड खडीच्या पट्ट्यावरच टाकतात, कारण तिथे हात पोचतो. पट्ट्यावरून तो बर्नरच्या तोंडाशी जातो. थोडा जळतो, थोडा धुराबरोबर उडतो. शंका असेल तर स्क्रबरच्या (धूर पाण्यानं धुणाऱ्या यंत्राच्या) टाकीपाशी जाऊन बसा. पाण्यावर रंगीत चुरा तरंगताना दिसला की तुमचं टनाला चार किलो प्लास्टिक कुठे जातंय ते कळलं. बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांतून धूळ गाळणारा) असेल तर परिस्थिती आणखी वाईट, तो चुरा पिशव्यांना चिकटून बसतो. चुरा पडायला हवा ड्रमच्या त्या भागात, जिथे खडी पूर्ण तापलेली आहे, ज्वाळा मागे राहिलीय आणि डांबराचा पाइप अजून पुढे आहे. बॅच प्लांट (एकेक घाणा करून माल बनवणारा) असेल तर काम सोपं. गरम खडी पगमिलमध्ये (माल ढवळायच्या हौदात) पडली की चुरा, अर्धा मिनिट कोरडंच फिरवायचं, मग डांबर. ऑपरेटर घाईत असेल तर तो हा अर्धा मिनिट खातो, कारण ताशी टनेज त्यानंच घटतं. पॅनेलवर वेळ कुलूप लावून ठेवता येत असेल तर लावा.

गोणीत नक्की काय आहे

आता त्या चुऱ्याकडे. एसपी-९८ प्रमाणे तुकडे २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारे आणि ६०० मायक्रॉनवर अडकणारे हवेत. धूळ-माती एक टक्क्याच्या आत. प्रत्यक्षात गोणीत तर्जनीएवढ्या पट्ट्या असतात, कारण श्रेडरची पाती बोथट झाल्यावर तो कापत नाही, ओढून फाडतो. अशी पट्टी दोन-तीन खड्यांना गुंडाळी मारते आणि तिथेच गोळा तयार होतो. चाळून न आलेला चुरा परत पाठवा. इथे पुरवठादाराची भीड बाळगली की पुढे डीएलपीत ती तुमच्याच खिशातून जाते.

पण आकारापेक्षा जात महत्त्वाची. दुधाच्या पिशव्या, साध्या कॅरीबॅगा, डब्यांची झाकणं ही पॉलिथीनची मंडळी. मऊ पॉलिथीन साधारण १०५ ते ११५ अंशाला वितळतं, कडक पॉलिथीन १३० च्या आसपास. खडी १६५-१७० अंशाला असली की ते छान पसरतं. डबे-चमच्यांचं पॉलिप्रोपिलीन १६० च्या पुढे वितळतं, म्हणजे अगदी काठावर. खडी थोडी जरी गार असली तरी ते तसंच राहतं. पाण्याच्या बाटल्यांचं पेट २५० अंशाला वितळतं. आपल्या ड्रममध्ये ते वितळणार नाही, वाळूसारखं पडून राहील. वेफर्सची चकचकीत पाकिटं म्हणजे दोन-तीन जातींचे थर एकावर एक चिकटवलेले, वर धातूचा मुलामा. थोडी मिसळली तर चालून जातं, पण अख्खी गोणी चांदीसारखी चमकत असेल तर ती बाजूला काढा.

आणि फ्लेक्स. आपल्या भागात हा धोका सगळ्यात मोठा. वाढदिवस, निवडणूक, दहीहंडी, श्रद्धांजली, सगळ्यांचे फ्लेक्स शेवटी कचऱ्यात येतात आणि वजनाला भारी म्हणून भंगारवाला खुशीनं श्रेडरला देतो. फ्लेक्स पीव्हीसीचा असतो. तापला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. डोळे चुरचुरतात, खोकला लागतो, ड्रमचा पत्रा खातो तो वेगळाच. पीव्हीसीला एसपी-९८ मध्ये सक्त मनाई आहे. तांब्याची तार घ्या, गॅसवर लाल करा, चुऱ्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, तिला लॅब लागत नाही, पण उघड्यावर, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून करा. गोणीतल्या वरच्या मुठीवर करू नका. कोपर बुडेपर्यंत हात घालून तळाचा चुरा काढा. भेसळ करणारा माणूस वर नेहमी दुधाच्या पिशव्याच ठेवतो.

पाण्याची चाचणी त्याहून सोपी. बादलीत पाणी, त्यात साबणाचे दोन थेंब, मूठभर चुरा, नीट ढवळा. पॉलिथीन आणि पॉलिप्रोपिलीन तरंगतं. पेट आणि पीव्हीसी बुडतं. साबण विसरू नका, नाहीतर हवेचे बुडबुडे धरून बुडणारंही तरंगतं. तळाशी किती बसलं ते बघून गोणी ठेवायची की नाही ते ठरवा.

महाराष्ट्रात २०१८ ची प्लास्टिकबंदी आल्यापासून आमच्याकडे येणाऱ्या गोण्यांत पातळ कॅरीबॅगा कमी झाल्या आणि पाकिटं वाढली. वाईट वाटायचं कारण नाही, पण पूर्वीच्या सवयीनं डोळे झाकून चुरा घेणं आता महाग पडतं. केंद्राच्या रस्ते मंत्रालयानं २०१५ मध्ये पाच लाखांवर वस्तीच्या शहरांपासून पन्नास किलोमीटरच्या टापूत गरम मालात टाकाऊ प्लास्टिक वापरायला सांगितल्यापासून मागणीही वाढली. मागणी वाढली की गोणीत काय भरलंय हे बघणारे कमी होतात.

गरम खडीची चाचणी : दहा मिनिटांत निकाल

फक्त एकच चाचणी करायला वेळ असेल तर ही करा. दहा एमएमची अर्धा किलो खडी ओव्हनमध्ये १७० अंशाला तापवा. ओव्हन नसेल तर लोखंडी कढई चालेल, पण धातूचा थर्मामीटर खडीत खुपसून बघा, इन्फ्रारेड बंदुकीवर विसंबू नका. ती वरचा थर मोजते आणि चकचकीत पत्र्यावर तर फसतेच. खडी खाली उतरवा, लगेच सव्वादोन ग्रॅम चुरा पसरून टाका आणि पळीनं अर्धा मिनिट ढवळा.

चुरा चांगला असेल तर तो डोळ्यांदेखत नाहीसा होतो. बेसॉल्टचा करडा दगड ओला झाल्यासारखा काळसर, तुकतुकीत दिसायला लागतो. दोन खडे एकमेकांना हलके चिकटतात आणि वेगळे करताना मधासारखी तार निघते. गार झाल्यावर खड्यावर नख ओढलं तर पापुद्रा उठत नाही. चुरा नकोसा असेल तर खड्यावर ठिपके राहतात, तुकडे आपापला आकार धरून बसतात, गार झाल्यावर कढई वाजवली की टकटक खाली पडतात. धुरकट वास आला तर तापमान फार किंवा गोणीत भलतं काही. हीच चाचणी १४० अंशाला करून बघा. मग कळेल की पावसाळ्याआधीच्या ओल्या साठ्यातून आलेली, अर्धवट तापलेली खडी प्लास्टिकला का झेलत नाही. बर्नर तोच, डिझेल तेवढंच, पण खडीतल्या पाण्यानं अर्धी उष्णता खाल्लेली असते.

आणि याच्या उलट, "मग २०० ला तापवू की" असा शहाणपणा करू नका. प्लास्टिक टिकेल कदाचित, डांबर करपेल. व्हीजी-३० ला (रस्त्याच्या डांबराचा एक ग्रेड) खडी १५० ते १७० अंशात हवी. पॉलिथीन त्या कंसाच्या वरच्या टोकाला बसतं, इतकं ते नाजूक काम आहे.

एक्स्ट्रॅक्शनच्या कागदावरून भांडू नका

एक्स्ट्रॅक्शन म्हणजे मालातलं डांबर धुऊन मोजणं. नमुना सेंट्रीफ्यूजमध्ये घालून ट्रायक्लोरोइथिलीननं धुतला की डांबर विरघळून जातं. पॉलिथीन थंड द्रावकात विरघळत नाही, ते खडीवरच राहतं. म्हणजे ५.४ च्या जॉब मिक्सला कागदावर ४.९७ येणार, आणि ते बरोबरच आहे. जॉब मिक्सच्या कागदावर डांबर आणि प्लास्टिक दोन वेगळ्या ओळींत लिहून सही घेतली नसेल तर मात्र इथे भांडण अटळ. एका ठिकाणी ठेकेदारानं डांबर पूर्ण घातलं, वर प्लास्टिकही घातलं आणि तरी कमी डांबराची नोटीस आली. दुसऱ्या ठिकाणी नोटीस योग्यच होती, पण सगळ्यांनी ती प्लास्टिकच्या नावावर खपवली.

धुतलेली खडी मात्र फेकू नका. वाळवून पांढऱ्या कागदावर पसरा. प्लास्टिक चढलं असेल तर खडे तुकतुकीत दिसतात आणि त्यांना बारीक कच चिकटलेली असते. त्यामुळे चाळणीला ग्रेडेशन थोडं जाड येतं, हे लक्षात ठेवा. चढलं नसेल तर सुटे रंगीत तुकडे वेगळे पडतात. चिमट्यानं वेचून वजन करा. टनाला चार किलोपैकी दोन-अडीच किलोच्या हिशोबानं सुटं सापडलं तर मामला स्पष्ट आहे. काहीच सापडलं नाही, तुकतुकीही नाही, तर ते स्क्रबरमध्ये आहे, नाहीतर भंगारवाल्याकडेच राहिलंय. खडीवरचं प्लास्टिकही नेमकं मोजायचं असेल तर ती खडी गरम डेकॅलिनमध्ये धुवावी लागते. ते लॅबचं काम आहे, साईटवर नको.

आणखी एक साधी तपासणी : डांबर लावलेली खडी बरणीतल्या पाण्यात, ४० अंशाला, चोवीस तास. पंचाण्णव टक्क्यांहून कमी भाग डांबरानं झाकलेला राहिला तर त्या मालावर जूनमध्ये विसंबू नका. प्लास्टिक नीट चढलेली खडी इथे सहज पास होते, म्हणून नापास झाली की पहिला संशय चढण्यावर घ्या.

टाकीत साय येत असेल तर

काही जण चुरा सरळ डांबराच्या टाकीत टाकतात. ही ओली पद्धत, पण तिला जोरदार घुसळणारी मिल लागते. टाकीचा फिरता पंप त्या कामाचा नाही. पॉलिथीनची घनता ०.९२ ते ०.९६, डांबर एकाहून थोडं जड, त्यामुळे पंप थांबला की तासाभरात प्लास्टिक वर येतं आणि दुधावरच्या सायीसारखा थर धरतो. वरचा थर जाड, खालचं डांबर तसंच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्टर तुंबलेला. बाहेरून बनवून आणलेलं डांबर असेल तर वेगळं होण्याची चाचणी मागा : नळीत भरून १६३ अंशाला ४८ तास उभं ठेवायचं, मग गार करून वरच्या आणि खालच्या तुकड्याचा मृदुबिंदू (डांबर मऊ पडायचं तापमान) मोजायचा. दोन-तीन अंशांहून जास्त फरक आला तर घेऊ नका.

निविदेत पीएमबी (पॉलिमर मिसळलेलं डांबर) लिहिलं असेल तर प्लास्टिक घालून ते होत नाही, हेही सांगून ठेवतो. पॉलिथीन डांबराला कडक करतं, मृदुबिंदू वाढवतं, पण ताणून सोडल्यावर परत येण्याचा गुण देत नाही. तो एसबीएससारख्या रबरी पॉलिमरचा गुण आहे. इलॅस्टिक रिकव्हरीच्या चाचणीत प्लास्टिकवालं डांबर हमखास पडेल.

रोलर

प्लास्टिकचा माल एकदम कडक होतो, हळूहळू नाही. पॉलिथीन ११५ ते ९५ अंशांच्या दरम्यान गोठतं. साध्या व्हीजी-३० च्या मालावर ९० अंशापर्यंत रोलर चालवता येतो. प्लास्टिकच्या मालाला मी १०५ ची रेघ धरतो. त्याखाली रोलर फिरला की दाबला जात नाही, वरचे खडे फुटतात आणि बारीक केसासारख्या भेगा पडतात. प्लांट लांब असेल तर ताडपत्री हवीच. संध्याकाळचा शेवटचा डंपर गार आला तर पाठवून द्या, कितीही जीवावर आलं तरी.

आता सुटलीच आहे, तर काय

पावसात काहीही गरम टाकू नका. सुटी खडी झाडून काढा, ती टायरखाली भरडून आणखी खडी सोडवते. शिवाय त्यातलं सुटं प्लास्टिक गटारातून ओढ्यात जातं. आपण कचरा रस्त्यात बसवायला निघालो होतो, ओढ्यात पाठवायला नव्हे. खड्डे पडले असतील तर तात्पुरतं कोल्ड मिक्स (न तापवता टाकायचा माल). पाऊस उघडला, रस्ता खडखडीत वाळला की खराब पट्टे चौकोनी कापा, कडा उभ्या ठेवा, टॅक कोट मारा आणि साध्या पूर्ण डांबराच्या मालानं भरा. पट्टे बारीक आणि खूप असतील तर वरून स्लरी सील किंवा सीलकोटचा पातळ थर स्वस्तात निभावतो. दुरुस्तीत पुन्हा प्लास्टिकचा माल घालू नका. पन्नास-शंभर टनाच्या कामासाठी फीडर नीट बसवला जात नाही आणि तीच चूक तिथेच परत होते.

साताऱ्याच्या त्या रस्त्याचे पट्टे दिवाळीनंतर कापून भरले. पुढच्या कामाआधी प्लांटवर स्क्रू फीडर बसला. मामा आता खाली खुर्ची टाकून बसतात, समोर काट्यावर रिकामी गोणी, हातात मोबाईलचं घड्याळ. परवा गेलो तर त्यांनी मला न विचारता गोणीतून मूठभर चुरा काढून दाखवला आणि म्हणाले, "भाऊ, हे बघा, यात कुणाचा तरी वाढदिवस आलाय." हातात फ्लेक्सचा तुकडा होता, त्यावर अर्धा गॉगल आणि 'भावी नगरसेवक' मधला 'भावी'. ती गोणी आम्ही परत पाठवली.